धोंड्याचे स्पीकर

पुण्यात डिप्लोमाला होतो तेव्हा एका बंगल्याच्या मागच्या अंगणातली खोली भाड्याने घेतली होती. घरमालक निवृत्त इंजिनिअर, एकटे राहणारे आणि बोलायला तुसडे. त्यांच्या पुढच्या खोलीत सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीपासून चांगले पुढे ओढून ठेवलेले दोन लाकडी स्पीकर होते, कमरेएवढ्या उंचीचे, अंगाने सडपातळ, आणि त्यांच्यासमोर एकच खुर्ची. खुर्चीचे पाय नेमके कुठे यायला हवेत त्याच्या खडूच्या खुणा फरशीवर केलेल्या होत्या. कामवाल्या बाईंनी त्या पुसल्या की ते दिवसभर चिडलेले असायचे. स्पीकर परदेशातून आणलेले आहेत एवढंच मला माहीत होतं. नव्वदीची सुरुवात होती, आणि आमच्या शिनोलीत स्पीकर म्हणजे लग्नात झाडाला बांधायचा कर्णा.

एका रविवारी सकाळी पाण्याच्या मोटरीचं काहीतरी विचारायला गेलो, तर त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि एका बाईंचा ख्याल लावला.

आधी गाणं ऐकूच आलं नाही. आधी खोली ऐकू आली. ज्या खोलीत बसून त्या बाई गायल्या असतील ती खोली, तिची उंची, मागे कुणीतरी घसा साफ केला तो. मग तंबोरा सुरू झाला. तार छेडल्यावर तिच्यातून बराच वेळ जे बारीक, झळाळतं काहीतरी निघत राहतं, ते मी तोवर ऐकलंच नव्हतं. रेडिओवर तंबोरा म्हणजे नुसती गुणगुण. सूर लावायच्या आधी बाईंनी श्वास घेतला. तबलजीने डग्ग्यावर तळवा सरकवला, तो सरकताना कळला. आणि या सगळ्याच्या मधोमध, दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे भिंतीवर फक्त एक कॅलेंडर होतं, तिथे बाई बसल्या होत्या. डाव्या खोक्यात नाहीत, उजव्या खोक्यात नाहीत. मी उठून कॅलेंडरपाशी गेलो. उठल्याबरोबर बाई गायब झाल्या आणि नुसता स्पीकर वाजायला लागला. घरमालकांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर मला त्या खुर्चीचं वेडच लागलं. डिप्लोमा संपला, मंचरजवळ एका दूध शीतकरण केंद्रात मशिनं बघायची नोकरी लागली, तरी अधूनमधून रविवारी एसटीने पुण्याला जाऊन मी तिथे बसून यायचो. पुढे त्यांनी स्पीकर बदलले, तेव्हा जुने आणि नवे आलटून पालटून ऐकवले. नव्यांत खर्ज खोल होता पण सैल नव्हता. पखवाजाची थाप पोटात लागायची आणि लागून लगेच थांबायची. सारंगीचा गज तारेवर फिरताना त्याची खरखर वेगळी कळायची. जुन्यांत मात्र बायकांचा आवाज जास्त जवळचा वाटे, जरा ओला. मी तसं म्हटल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले की तुला कान आहे. बस, तिथून माझं डोकं फिरलं. लग्नाच्या मांडवात गेलो की कर्ण्याखाली उभा राहून मी तोंड वाकडं करायचो. घोडेगावात कुणी नवा टेप घेतला की मला बोलवायचे आणि मी तो ऐकून त्यात काय काय नाही ते सांगायचो. माझ्या स्वतःच्या घरात एक जुना ट्रान्झिस्टर होता, पण नावं ठेवायला पदरचं काही लागत नाही.

माझं लग्न झालं ते बोरी बुद्रुकच्या मुलीशी. सासऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्यांनी पुढे शेतीही धरली होती, कांदा आणि थोडा ऊस, पण मेंढरांचा कळप काही सोडला नव्हता. घरामागे जाळ्याची वाघूर लावलेली असायची आणि संध्याकाळी मेंढरं तिच्यात कोंडली की सासरे तिच्याकडे तोंड करूनच बसायचे. लग्नात आमच्या वडिलांनी मुलगी आणि नारळ एवढंच घेतलं. त्यात माझी काही मर्दुमकी नव्हती. वडिलांचा स्वभावच तसा. पण बायकोला त्याचा फार अभिमान. तिच्या बरोबरीच्या मुलींच्या सासरहून सणासुदीला काही ना काही मागणं यायचंच, कधी अंगठी, कधी कपाट. ही मात्र माहेरी ताठ मानेने यायची आणि कुणीही विषय काढला की सांगायची, "आमच्यात नारळाच्या वर काय घेतलं न्हाई." शिनोलीतही हेच सांगायची. त्या एका वाक्यावर ती दोन्ही गावांत उभी होती, असं म्हटलं तरी चालेल.

ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो की परतताना आम्ही बोरीला टेकायचो. सासुरवाडीत मी अगदी घुम्या. जेवण झालं की ओसरीवर सतरंजी टाकायची, सासरे समोर बसायचे, मेहुणा पाण्याचा तांब्या आणून ठेवायचा आणि मग कुणालाच बोलायला काही सुचायचं नाही. जावई बोलत नाही म्हटल्यावर त्या घरात घोर लागायचा. भाजी तिखट झाली का, मुलीने काही आगळीक केली का, असं सासूबाई आत हिला विचारत राहायच्या. एकदा मेहुण्याने सहज टेपचा विषय काढला आणि मी सुटलो. पुण्याची ती खोली, ती एक खुर्ची, डोळे मिटले की मधोमध येऊन बसणाऱ्या बाई, सगळं सांगितलं. सासरे पाय पोटाशी घेऊन ऐकत होते. जावई अखेर बोलला म्हणून घरात आनंदीआनंद. पुढच्या खेपेला त्यांनीच विचारलं, "मग पावणं, गेलता का पुन्यात? काय ऐकलं?" मी पुन्हा तासभर बोललो. असं दोन-तीन वेळा झालं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला गोडी लागली.

त्यातल्या एका खेपेला मी म्हणालो की असं एखादं घरात असावं, मग माणसाला दुसरं काही नको. बोलून गेलो आणि पान खाल्लं. माझ्या मनात तो पुण्यातल्या शौकिनांचा उसासा होता. त्या लोकांत बसलं की सगळे असंच बोलतात आणि चहा पिऊन घरी जातात. सासऱ्यांनी मान हलवली. ही दाराशी उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

पुढे अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाचं आवतण घेऊन मेहुणा स्वतः शिनोलीला आला. आवतण देताना माझी नजर चुकवून हसत होता. मी आपला पुरणाच्या धोंड्यांचा आणि अनारशांचा विचार करत होतो.

बोरीला पोचलो तर अंगणात ही गर्दी. सगळी भावकी जमलेली. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, अनारशांचं ताट दिव्यासकट हातात ठेवलं. इथवर सगळं रीतीप्रमाणे. मग सासरे मला हाताला धरून गोठ्याच्या बाजूला घेऊन गेले. तिथे चादरींखाली दोन उंच काहीतरी झाकून ठेवलं होतं. त्यांनी स्वतः चादरी ओढल्या.

माझ्या छातीएवढे दोन काळे स्पीकर होते. मिरवणुकीत ट्रॉलीवर लावतात तसले, बाहेरून रेक्झिन मारलेले, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, पुढे जाळी. जाळीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं आणि वर झेंडूचा हार. बाजूला ताटाएवढा अ‍ॅम्प्लिफायर, त्यालाही कुंकू. आळेफाट्याच्या एका मांडव-स्पीकरवाल्याकडून मुद्दाम बनवून घेतले होते. आणि दोहोंच्या समोर, अंगणाच्या बरोबर मध्ये, एकच खुर्ची ठेवलेली होती.

मी सांगितलेलं त्यांनी काही म्हणजे काही विसरलं नव्हतं. स्पीकर गोठ्याच्या भिंतीपासून पुढे ओढलेले होते. मेहुण्याने मागून सांगितलं की आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्या स्पीकरवाल्याला दहादा बजावलं, गाणारा मधी उभा ऱ्हायला पायजे, नायतर माल परत. त्याने आणखी एक सांगितलं, अगदी सहज: यासाठी आबांनी मेंढरं विकायला काढली. मी वाघुरीकडे बघितलं. एरवी दाटीने उभी असायची ती जनावरं आता जाळ्यात सुटी सुटी दिसत होती.

मला खुर्चीत बसवलं. गळ्यात टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ, आणि भोवताली गोल करून उभी असलेली बायामाणसं. त्या खुर्चीत एकाच माणसाने बसायचं असतं हेही मीच सांगितलेलं होतं, त्यामुळे बाकी कुणी बसलं नाही. सगळे स्पीकरकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत होते. मेहुण्याने जागरणातल्या गाण्यांची कॅसेट लावली आणि बटण फिरवलं.

ऐकण्याची सवय वाईट असते, ती लाजेतही सुटत नाही. खर्ज इतका फुगलेला होता की गोठ्याचा पत्रा थरथरत होता आणि ढोलकी कुठली, पेटी कुठली हे वेगळं काढता येत नव्हतं. वरचे सूर कानात टोचत होते. मधला भाग, ज्यात माणसाचा आवाज असतो, तो जवळजवळ नव्हताच. मेंढरं बिथरून वाघुरीच्या पलीकडच्या कडेला गोळा झाली. हे सगळं मी मनात ओळीने मांडत होतो आणि त्याच वेळी चेहरा मात्र जावयाचा ठेवला होता. गर्दीत एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "जावयानं मागितलं, बापानं दिलं. रीतच हाय." ती दबक्या आवाजात बोलली, पण नेमकी त्याच क्षणी गाण्यात उसंत होती.

मी हिला शोधलं. ती बायकांमध्ये उभी होती, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. म्हातारीचं बोलणं तिने ऐकलं होतं. तिची मान खाली गेलेली मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितली. मला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. उठून सांगावं, की मी असलं काही मागितलं नव्हतं, हे परत न्या. पण भर भावकीत जावयाने वाण नाकारलं, तर सासऱ्यांनी तोंड कुठे दाखवायचं? नाकारावं तर त्यांची लाज जात होती, घ्यावं तर हिची. मी खुर्चीत बसून राहिलो.

गाणं संपल्यावर सासरे जवळ वाकले आणि विचारलं, "हाय का मधी?"

मी म्हणालो, "आहे."

खरं तर ते खोटंही नव्हतं. दोन्ही खोक्यांत एकच आवाज सोडला की तो मधोमधच येतो, त्यात स्पीकरची कसली कर्तबगारी नसते. पण मी जे "आहे" म्हणालो ते या हिशेबाने नव्हे, त्यांचं मन राखायला. मग सासरे स्वतः खुर्चीत बसले. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून त्यांनी एक पूर्ण गाणं ऐकलं. उठताना त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मला तिकडे बघवेना.

स्पीकर टेम्पोत घालून शिनोलीला आले. बोरीपासून नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशी त्यांची वरात निघाली आणि दोन तालुक्यांतल्या जितक्या ओळखीच्या माणसांनी बघायला नको होतं तितक्यांनी ती बघितली. टेम्पोत पुढे मी आणि ही. घोडेगाव सुटलं. मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आमच्यात जावई एका वस्तूचं नाव दोनदा काढतो, तवा तिसऱ्यांदा काढायला लावत न्हाईत. तुमी किती येळा काढलं, मोजलं का?" मी म्हणालो की मला हे ठाऊक नव्हतं, तू तेव्हाच का सांगितलं नाहीस. तिला वाटलं होतं, मला ठाऊक आहे. आपला नवरा मागतोय, पण वळसा घेऊन, असंच ती इतके दिवस धरून चालली होती आणि गप्प राहिली होती. याचीच मला जास्त लाज वाटली. स्पीकरचं एक वेळ सोडा, पण हिच्या मनात मी मागणाऱ्या जावयांतलाच एक झालो होतो, आणि तरीही ती मला पाणी देत होती, डबा भरत होती.

स्पीकर पुढच्या खोलीत मावले, पण मग खोलीत आम्ही मावेनासे झालो. मी ते फारसे लावले नाहीत. गावातल्या मंडळाची पोरं गणपतीला मागून न्यायची आणि परत आणून द्यायची. पुण्याला जाणंही हळूहळू सुटलं. शेवटचा गेलो तेव्हा घरमालकांनी विचारलं की आता घरी काय ऐकतोस. मी म्हणालो, अजून काही घेतलं नाही. त्या दिवशी त्यांनी सतार लावली होती आणि मिंडेत सूर कसा एका दमात वळतो ते ऐकत असताना मला सारखी ती अंगणातली खुर्ची दिसत होती. बोरीलाही मी जात होतो, पण सासऱ्यांनी पुण्याचा विषय काढला की मी पिकापाण्याचं बोलायचो. ते हिरमुसायचे. हिने माहेरी नारळाचं ते वाक्य म्हणणं बंद केलं.

एक-दोन वर्षांनी मेहुणीचं लग्न ठरायला आलं. मुलगा बरा होता, नोकरीत होता, मेहुणीलाही पसंत होता. बैठकीला थोरला जावई म्हणून मला मानाने लोडाशी बसवलं. पोहे झाले, चहा झाला. देण्याघेण्याचं निघालं तसे मुलाचे चुलते मिशीवर हात फिरवत म्हणाले की आमचं मागणं काही नाही, फक्त थोरल्या जावयाचं जसं केलं तसं करा. स्पीकर टेम्पोतून गेले ते आम्हीही बघितलंय.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आतल्या दाराशी ही उभी होती आणि तिच्या मागे मेहुणी.

मी म्हणालो, "मी मागितले नव्हते." आणि पुन्हा एकदा तेच म्हणालो.

चुलते हसले. वाईट हसले नाहीत, एका जावयाच्या अंगचं चातुर्य ओळखून दाद द्यावी तसं हसले. कुणाचाच विश्वास बसला नव्हता. तेवढ्यात सासरे पुढे झाले. मला वाटलं, आता ते खरं काय ते सांगतील. त्यांनी सांगितलंही. ते म्हणाले, "पावण्यांनी शब्द काढला न्हाई. उगं त्यांचं नाव घिऊ नका. म्या माझ्या हौसेनं दिलं."

"मग आमच्याबी पोराला हौसेनंच द्या की," चुलते म्हणाले. "त्याला गाडीची हौस हाय."

माझी बाजू घ्यायला सासरे एक शब्द बोलले होते आणि आता त्याच शब्दाने बांधले गेले होते. त्यांनी सतरंजीकडे बघत मान डोलावली. सुपारी फुटली. दाराकडे बघितलं तेव्हा ही तिथे नव्हती.

पाहुणे गेल्यावर मी हात धुवायला म्हणून मागे गेलो. सासरे वाघुरीपाशी उभे होते. आत मेंढरं होती ती नावापुरती. कोणती काढायची ते बघत असावेत. मला बघून ते जरा बाजूला सरकले, मला उभं राहायला जागा केली. माफी मागावी असं वाटलं, पण माफी कशाची मागतोय हे त्यांना सांगावं लागलं असतं आणि ते स्पीकर कसे होते हेही.

तेच बोलले. "पावणं, गाडीतलं मला काय कळत न्हाई. कोंची घ्यावी, तेवढं तुमी बघून सांगा. तुमाला पारख हाय."

मी त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं. पण ते खरंच विचारत होते, आणि मी सांगेन ते लक्षात ठेवायला माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी गाडीचं नाव सांगितलं. कोणता रंग चांगला दिसेल, तेही सांगितलं.